खोतांची कादंबरी होती, खोतीचे पुस्तक नव्हते: एका किनारी वाचनालयाच्या ग्रंथखरेदीचे प्रकरण

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलासमोर एक गृहस्थ आले आणि त्यांनी खोतीवरचे, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरण्याच्या कोकणातल्या वंशपरंपरागत वतनावरचे, पुस्तक मागितले. वय पन्नाशीचे, व्यवसाय आंब्याची कलमे बांधण्याचा. वाडीवरून बाजाराला आले की वर्तमानपत्र वाचायला ते हमखास बसत, पण पुस्तक त्यांनी तोवर कधी घरी नेले नव्हते. त्यांच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात एका जुन्या खोताचे नाव अजून होते. ते तिथे का आहे, खोती म्हणजे नेमके काय होते आणि ती कधी व कशी गेली, एवढेच त्यांना समजून घ्यायचे होते. ग्रंथपालबाईंनी कोकणाच्या इतिहासाचे कपाट वरच्या खणापासून खालच्यापर्यंत पाहिले, संदर्भ विभाग पाहिला, आणि शेवटी कादंबऱ्यांच्या कपाटातून श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या दोन खंडांच्या कादंबरीचा पहिला खंड काढून त्यांच्या हाती दिला. त्या विषयाचे म्हणावे असे आमच्याकडे तेवढेच होते.

तीन आठवड्यांनी त्यांनी तो खंड परत केला. बाईंनी दुसरा खंड काढून ठेवला होता, तो त्यांनी नेला नाही. ‘‘बाई, गोष्ट चांगली आहे. पण ही खोतांची झाली. आमची कुठे आहे?’’ असे म्हणून ते पावसात निघून गेले. मी त्या वेळी शेजारच्या टेबलावर नव्या पुस्तकांच्या बिलांची पडताळणी करत बसलो होतो. त्या वर्षीच्या खरेदीत कोकणाचा इतिहास या सदराखाली जी पुस्तके आली होती, त्यांतली चार आंग्र्यांच्या आरमारावरची होती आणि चौघांतही तीच हकिकत थोड्याफार फरकाने सांगितलेली होती. वाचनालयाचे नाव येथे देत नाही. ते रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका खाडीकाठच्या बाजारगावी आहे, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेले ‘ब’ वर्गाचे तालुका वाचनालय आहे, आणि प्रस्तुत लेखक तिथल्या ग्रंथनिवड समितीचा बरीच वर्षे सभासद आहे. म्हणजे पुढे जे दोष येतील त्यांत माझाही वाटा आहे.

खरेदी कशी होत असे

अनुदानाचा शेवटचा हप्ता आमच्या खात्यावर जमा होईपर्यंत बहुधा मार्च उजाडतो आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ग्रंथखरेदीचा खर्च हिशेबात दिसावा लागतो. एवढ्या अवधीत समितीने पुस्तके पाहून, चाळून, निवडून घ्यावीत ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. व्यवहारात विक्रेता तयार यादी घेऊन येतो, सवलतीचा आकडा सांगतो आणि समिती त्या यादीवर खुणा करते. सवलत जितकी मोठी तितका पुस्तकाचा कागद हलका आणि मजकूर उसना, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु पुस्तकांची संख्याही पुरी करायची असते, आणि शिवकाल, गडकिल्ले, पर्यटन व कोकणी पाककृती या चार विषयांत ती लवकर पुरी होते.

त्या गृहस्थांच्या प्रश्नानंतर ग्रंथपालबाईंनी आणि मी एक काम केले जे आधीच व्हायला हवे होते. दोन दुपारी बसून आम्ही कोकणाच्या इतिहासाचे सारे कपाट टेबलावर उतरवले आणि विषयवार ढीग लावले. गडकिल्ल्यांचा आणि आरमाराचा ढीग टेबलाच्या निम्म्या भागावर पसरला. दुसरा मोठा ढीग कुलवृत्तांतांचा झाला. कोकणातल्या घराण्यांनी आपापल्या वंशावळी छापून काढण्याची ही प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आलेली आहे, आणि त्या ग्रंथांत मूळ गाव, वतन, देवस्थानाचे मानपान व स्थलांतर यांची जी बारीक माहिती सापडते ती अन्यत्र सहसा मिळत नाही. त्यामुळे हा ढीग मौल्यवान होता यात शंका नाही. मात्र ज्यांच्याकडे छापायला पैसा आणि लिहायला अक्षर होते त्यांचीच घराणी त्यात आहेत. तिसरा ढीग थोरामोठ्यांचा होता: १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर, आणि १८८६ ते १९१६ अशी तीस वर्षे त्याच गावी कैदेत काढून तिथेच मरण पावलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा.

मग जे नव्हते त्याची नोंद केली, आणि ही नोंद मोठी निघाली. खोती नव्हती. अलिबागजवळच्या चरी या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत चाललेला, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांचा संप नव्हता. सहा वर्षे जमीन पडीक ठेवून उपास काढणाऱ्या त्या माणसांची दखल आमच्या कपाटात एका ओळीनेही नव्हती. हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत जाणारी आगबोट नव्हती, १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना सहाशेहून अधिक माणसांसह बुडालेली ‘रामदास’ बोट नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला चाकरमानी, किनाऱ्यावरचे दालदी आणि गाबीत मच्छीमार, माडी काढणारे भंडारी, कोकणी मुसलमानांचे मोहल्ले यांपैकी कोणाचाही इतिहास इतिहासाच्या कपाटात सापडला नाही. यांतले काही कादंबऱ्यांच्या कपाटात विखुरलेले होते, पण तिथेही गळती होतीच. गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’च्या (१९५५) तीन प्रती होत्या आणि तिन्ही हाताळून मऊ झालेल्या होत्या, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांची ‘इंधन’ (१९६५) मात्र एकही नव्हती.

समितीपुढे

सप्टेंबरच्या बैठकीत मी असा ठराव मांडला की पुढील खरेदीपैकी प्रादेशिक इतिहास व कोकणावरील ललित साहित्य यांची रक्कम आधीच बाजूला काढावी, ती मार्चच्या यादीतून खर्च करू नये आणि नोंदीतल्या उणिवा पाहूनच खर्च करावी. यावर बरीच चर्चा झाली. एका सभासदांचे म्हणणे असे की वाचक जे मागतात ते द्यावे आणि वाचक रहस्यकथा मागतात; हे म्हणणे मी खोडून काढू शकलो नाही, कारण देवघेवीच्या नोंदी त्यांच्याच बाजूच्या होत्या. दुसऱ्या सभासदांचा आक्षेप वेगळा आणि अधिक खोल होता. त्यांच्या घरात पूर्वी दोन गावांची खोती होती. खोती हा विषय आणला की वाड्यावाड्यांत जुनी भांडणे उकरली जातील, वाचनालयाने त्यात पडू नये, असे त्यांनी शांतपणे सांगितले. त्यांचे वडील वाचनालयाचे आजीव सभासद होते आणि संदर्भ विभागातले अर्धे शब्दकोश त्यांनीच दिलेले आहेत. त्यामुळे बैठकीत कोणी त्यांना उलट बोलले नाही. ठराव संमत झाला, परंतु ‘वादग्रस्त साहित्य समितीच्या परवानगीविना मांडू नये’ अशी पुस्ती त्याला जोडली गेली.

विकत मिळाले ते आणि न मिळाले ते

प्रत्यक्ष शोध सुरू झाल्यावर कळले की पैसा ही लहान अडचण होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत मांडले. खोतांना वाजवी भरपाई द्यावी आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला कब्जेदार म्हणून सरकारात थेट सारा भरता यावा, असा त्याचा गाभा होता. पुढे जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयकाचा मजकूर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे. तो खंड आम्ही घेतला. शासकीय प्रकाशन असल्याने तो स्वस्तही पडला. चरीच्या संपावरचे एक मराठी पुस्तक मिळाले, ‘इंधन’ मिळाली, आणखी काही कादंबऱ्या व आत्मकथने मिळाली. तिथे बाजार संपला.

पुढचे साहित्य विकत घेण्याजोगे नव्हते. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड (१८८०) रत्नागिरी व सावंतवाडीचा आहे आणि त्यात खोती पद्धतीचे जितके तपशीलवार वर्णन आहे तितके क्वचितच दुसरीकडे असेल. शासनाने १९६२ साली रत्नागिरी जिल्ह्याचे सुधारित गॅझेटिअर काढले. भारतात शासकीय प्रकाशनाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो, त्यामुळे हे दोन्ही खंड आता मोकळे आहेत आणि संगणकावर विनामूल्य वाचता येतात. आम्ही जमीन महसुलाची प्रकरणे तेवढी छापून घेतली. येथे एक तांत्रिक बाब सांगितली पाहिजे. या दोन्ही खंडांत आजच्या रत्नागिरीबरोबर आजच्या सिंधुदुर्गाचाही मुलूख येतो, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. आणि त्याच वर्षी १ जानेवारीला कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. परिणामी ग्रंथतालिकेत ‘रायगड’ शोधणाऱ्याला किल्ला सापडतो, जिल्हा सापडत नाही, आणि ‘कुलाबा’ शोधणारा मुंबईच्या दक्षिण टोकाला जाऊन पोहोचतो. बाईंनी या नावांसाठी ‘पहा’ आणि ‘हेही पहा’ अशा नोंदींची स्वतंत्र तालिकापत्रे (कार्डे) केली. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही आणि अहवालातही येत नाही, पण या सर्व प्रकरणात सर्वांत उपयोगी ठरलेले काम कोणते असे मला विचारले तर मी याच पत्रांकडे बोट दाखवीन.

ग्रामस्थ मंडळांच्या स्मरणिकांचे तर प्रकरणच निराळे. गिरगाव, परळ, लालबाग भागात राहणाऱ्या गावकऱ्यांनी देवळाच्या जीर्णोद्धाराच्या किंवा शाळेच्या इमारतीच्या निमित्ताने या स्मरणिका काढल्या, गावात वाटल्या आणि विसरल्या. त्या विक्रीला कधीच नव्हत्या. ज्यांच्याकडे एखादी प्रत उरली आहे ते ती द्यायला तयार नसतात, दाखवायला तयार असतात. स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात एक तरतूद अशी आहे की जे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती नफा न कमावणारे सार्वजनिक ग्रंथालय आपल्या उपयोगासाठी करू शकते, आणि पुस्तिका, नकाशेही त्यात येतात. आम्ही त्याचा आधार घेतला. मूळ प्रत त्याच संध्याकाळी मालकाच्या घरी पोहोचवायची असा नेम ठेवल्यामुळे लोक विश्वासाने देऊ लागले.

या झेरॉक्स प्रतींची बांधणी हाही अभ्यासाचाच भाग झाला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कागद कधी पुरता कोरडा नसतो. पिना मारलेल्या पुस्तिकेच्या पिनेभोवती दोन पावसाळ्यांत तांबूस डाग पडतो, तिसऱ्यात तिथला कागद तुटतो. म्हणून पिना काढून सर्व पुस्तिका दोऱ्याने शिवून घेतल्या. बाजारपेठेतला जुना बाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालतो, त्यामुळे कसर आणि झुरळ खळ खायला येत नाही. त्याने हिरवट झाक आलेली बोटे धोतराला पुसत विचारले की एवढ्या फुकटच्या कागदांना एवढी शिलाई कशाला. बिल मात्र त्याने पुस्तकाचेच लावले.

पत्र्याची पेटी

जानेवारीत मुंबईला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने वाडीतले पडके घर उतरवायला काढले आणि माळ्यावर सापडलेली पत्र्याची पेटी वाचनालयाला आणून दिली. वर जुनी पंचांगे होती, मध्ये बाळबोध (देवनागरी) लिपीतली पुस्तके, आणि तळाशी दोऱ्याने बांधलेला, वाळवीने एका कोपऱ्यात खाल्लेला पावत्यांचा जुडगा. पावत्या मोडी लिपीत होत्या. आमच्यापैकी कोणालाच मोडी सलग वाचता येत नव्हती. गावातल्या एका निवृत्त तलाठ्यांना बोलावले. त्यांनी भिंग लावून पहिलीच पावती अडखळत वाचली. शके १८५३, म्हणजे इसवी सन १९३१-३२. त्यात कुळाचे नाव, ठिकाणाचे नाव, ‘अर्धेल’ हा शब्द आणि त्यापुढे भात चार मण दोन पायल्या असा आकडा होता. खाली खोताच्या कारकुनाची निशाणी होती. पिकातला निम्मा वाटा खोताला, या पद्धतीला अर्धेल म्हणत हे गॅझेटिअरच्या छापील प्रकरणात आम्ही आदल्या महिन्यातच वाचले होते. परंतु तो शब्द इथल्याच एका वाडीच्या नावाशेजारी शाईत उमटलेला पाहिल्यावर टेबलाभोवतीचे सगळे काही क्षण गप्प झाले.

त्यानंतर अडचणी सुरू झाल्या. दाखल नोंदवहीत पावतीला रकाना नाही: लेखक नाही, प्रकाशक नाही, किंमत नाही. प्रत्येक पावतीला दाखल क्रमांक दिला तर पुस्तकांची संख्या खोटी फुगते, आणि नाही दिला तर उद्या एखादी गहाळ झाली तरी पत्ता लागत नाही. शेवटी ‘स्थानिक संग्रह’ अशी वेगळी वही घातली, तिची पाने क्रमांकित करून त्यावर अध्यक्षांची सही घेतली, आणि दात्याचे नाव, दिनांक, वर्णन व अवस्था असे चारच रकाने ठेवले. दुसरी अडचण, ज्यांच्या घरात पूर्वी खोती होती, आमच्या त्याच सभासदांनी उपस्थित केली. पावत्यांवर कुळांची नावे होती आणि खोताचेही नाव होते. त्या दोन्ही बाजूंची नातवंडे एकाच बाजारात रोज समोरासमोर येतात. त्यांची हरकत या वेळी मला योग्य वाटली. पावत्या प्रदर्शनात लावायच्या नाहीत, छायाचित्र घेऊ द्यायचे नाही, मागणाऱ्याला वाचनालयातच बसून पाहू द्यायच्या, आणि ज्या घराण्याचे नाव आहे त्या घरच्या माणसाला मात्र त्याच्या पावतीची नक्कल द्यायची, असे ठरले. त्यांच्या स्वतःच्या घरी खोतीच्या वसुलीची वही असावी अशी गावात बोलवा आहे. तिच्याविषयी त्यांनी काही म्हटले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मांडणी

नवी पुस्तके कुठे ठेवायची यावर बाईंचे आणि माझे मतभेद होते, ते पुरते मिटलेले नाहीत. दशांश वर्गीकरणात महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९ खाली जातो आणि मराठी कादंबरी ८९१.४६३ खाली, आमच्या इमारतीत या दोन क्रमांकांमध्ये एक जिना आणि एक व्हरांडा आहे. माझा आग्रह असा की कोकणावरचा इतिहास आणि कोकणावरची कादंबरी एकाच कपाटात, प्रवेशद्वाराजवळ शेजारी ठेवावी, कारण ज्याला खोतीचा कायदा कळायचा आहे त्याला खोताचा वाडाही कळला पाहिजे आणि उलटही. बाई म्हणाल्या, ‘‘गुरुजी, पेंडसे वाचणारा माणूस ‘प’मध्ये शोधतो. तो तुमच्या कपाटाकडे येणार नाही, नाही मिळाले म्हणून परत जाईल.’’ त्यात तथ्य होते. तडजोड अशी निघाली की जिथे दोन प्रती आहेत तिथे एक कपाटात आणि एक आपल्या जागी, जिथे एकच आहे तिथे ती आपल्या जागीच राहावी, कण्यावर निळी पट्टी चिकटवावी आणि कोकणाच्या कपाटात तिच्या नावाचे पुठ्ठ्याचे पत्र उभे करावे. कादंबरी ही पुरावा नव्हे, हे मी पत्रावर लिहावे असा माझा आणखी एक आग्रह होता. तो बाईंनी हसून सोडून दिला, आणि आता वाटते ते बरेच झाले.

इंग्रजी मजकुराचा प्रश्न उरला होता. विधेयक इंग्रजीत, गॅझेटिअर इंग्रजीत, आणि मूळ प्रश्न विचारणारा वाचक मराठी वाचणारा. मी विधेयकाच्या कलमांचा आणि गॅझेटिअरमधल्या खोतीच्या भागाचा चार पानी मराठी गोषवारा केला. त्यात १८८० चा खोती कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १९४८ चा कूळ कायदा या तीन निराळ्या गोष्टी आहेत हे शक्य तितके सोपे करून लिहिले, कारण वाड्यांवर या तिन्हींना सरसकट ‘कायदा’ म्हणतात आणि ज्याची त्याची जमीन कोणत्या कायद्याने सुटली किंवा अडकली हे त्यामुळे कळत नाही. खोती गेली तरी खोताच्या खासगी जमिनी खोताकडेच राहिल्या आणि तिथल्या कुळांचा प्रश्न कूळ कायद्याकडे व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाकडे, म्हणजे कुळे कसत्या जमिनीची मालक मानली गेली त्या दिवसाकडे, गेला, ही गोम त्यात मुद्दाम ठळक केली. गोषवारा हा वकिली सल्ला नाही अशी ओळ शेवटी घातली आहे. तलाठी कार्यालयात तो दाखवून भांडू नये, असे बाई तोंडीही सांगतात.

पुढे

मार्चमध्ये विक्रेत्याची यादी नेहमीप्रमाणे आली. आंग्र्यांवरचे पाचवे पुस्तक तिच्यात होते. बाजूला काढलेल्या रकमेतून ते घेतले नाही, उरलेल्या रकमेतून एका सभासदांनी घ्यायला लावले. कोकणाच्या कपाटातली पुस्तके रहस्यकथांइतकी जात नाहीत, जाणारही नाहीत. परंतु वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्यांपैकी काही जण वर्तमानपत्र संपल्यावर त्या कपाटासमोर उभे राहतात, आणि स्मरणिका उघडून आधी छायाचित्रांत ओळखीची माणसे शोधतात. एका आजींनी ‘रामदास’वरचे काही आहे का असे विचारले. अजून तरी नाही. ती मागणी बाईंनी वहीत पहिल्या क्रमांकावर लिहिली आहे.

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस येण्याआधी, पावत्यांची पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून काढून आतल्या कोरड्या खोलीत हलवत असताना कलमे बांधणारे ते गृहस्थ आले. हंगाम संपला होता, हाताला चिकाचे काळे डाग होते. बाईंनी त्यांना आधी बेसिनवर हात धुवायला पाठवले, मग गोषवारा दिला आणि टेबलावर पावत्यांचा जुडगा उघडून ठेवला. तलाठीबुवांनी आडनावांची बाळबोधीत यादी करून दिली होती. तीवरून त्यांच्या आडनावाच्या दोन पावत्या निघाल्या. गोषवारा त्यांनी तिथेच बसून दोनदा वाचला. पावत्यांकडे ते बराच वेळ पाहत राहिले, मोडी येत नसतानाही, आणि चार मण दोन पायल्या हा आकडा त्यांनी बाईंकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. त्यांच्या नावच्या दोन्ही पावत्यांची नक्कल करून दिली, तिची नोंद वहीत घेतली.

जाताना ते देवघेवीच्या टेबलाशी थांबले. ‘‘त्या कादंबरीचा दुसरा भाग आहे का जागेवर? द्या. आता बघू, तो काय म्हणतो ते.’’ बाईंनी खंड काढला आणि त्यांच्या कार्डावर तारीख मारली.